पंचवीस चिंचोके

आई, ती फळी माळ्यावरून खाली आली. घराला रंग द्यायचा म्हणून सुनेने माळा रिकामा करायला घेतला आणि ही धुळीची वस्तू दोन बोटांत धरून मला विचारलं, "बाबा, हे टाकू का?" सागवानी फळी, तिच्यावर पितळी स्क्रू, मधोमध इकडून तिकडे पडणारा एक स्विच, एका बाजूच्या टोकांना लाल लोकर गुंडाळलेली आणि दुसऱ्या बाजूला पिवळी. लोकर कसरीने निम्मी खाल्ली आहे, पण रंग ओळखू येतात. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, तुमचं सगळंच राहू दे. तुझी नि तिची गाठ पडायला हवी होती, अडगळीच्या बाबतीत दोघींनी मिळून मला घराबाहेर काढलं असतं. फळीबरोबर एक पत्र्याचा डबाही आला. त्यात बारीक तांब्याच्या तारेचं एक रीळ आहे आणि तुझे चिंचोके आहेत. डबा उघडला आणि एक चिंचोका तळहातावर घेतला.

तुला आठवतं का, आपल्या घरात बोलायची परवानगी चिंचोक्याकडे होती. पालघरचं ते दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट, पाटावर तू, आणि तुझ्यासमोर मामाच्या दुकानातलं हाताने फिरवायचं वाइंडिंगचं, तार गुंडाळायचं मशीन. बाबा टपाल कचेरीत गेलेले, जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला. तू उजव्या हाताने दांडा फिरवतेस, डाव्या हाताच्या दोन बोटांतून केसासारखी तार सोडतेस आणि ओठांतल्या ओठांत मोजतेस. मशीनवरचा आकडे मोजणारा भाग कधीचा मोडला होता. मामा आणतो आणतो म्हणत राहिला आणि तू नको नको म्हणत राहिलीस. शंभर वेढे झाले की एक चिंचोका पितळेच्या वाटीत. टण्. तेवढ्या क्षणात कोणाला काय हवं ते विचारायचं, सांगायचं, दार उघडायचं, दूध उतरवायचं. मग पुन्हा शंभर. मी शाळेतून पडून गुडघा फोडून आलो होतो तेव्हासुद्धा उंबऱ्यात उभा राहून चिंचोका पडायची वाट पाहिली होती. रक्त पायावरून ओघळत होतं आणि मी रडणं तोंडात धरलं होतं. टण् झालं आणि मग भोकाड पसरलं. तू नंतर सगळ्यांना ते हसत सांगायचीस, पण सांगताना माझ्या त्या गुडघ्यावर हात ठेवायचीस.

रेडिओच्या एका ट्रान्सफॉर्मरला तारेचे अडीच हजार वेढे, म्हणजे पंचवीस चिंचोके. रेडिओतला शेवटचा व्हॉल्व जो जोर देतो तो भोंग्याला पेलेल असा करून देणारा हा ठोकळा, आत तांब्याची तार आणि भोवती लोखंडाचे पातळ पत्रे. तो जळला की रेडिओ मुका. मामाच्या स्टेशनजवळच्या दुकानात सफाळ्यापासून तारापूरपर्यंतचे मुके रेडिओ यायचे आणि त्यातले जळके ठोकळे पिशवीत घालून तो आपल्याकडे आणायचा. त्याचा आधीचा कारागीर मुंबईला निघून गेला तेव्हा "ताई, तुझा हात क्रोशाला एवढा चालतो, हे करून बघ" असं तो सहज म्हणाला होता. तू करून बघितलंस आणि करत राहिलीस. पहिला जळका ठोकळा तू स्वतः सोडवलास, आत काय काय कसं ठेवलं आहे ते एका कागदावर चित्र काढून ठेवलंस. त्यात तुला दिसलं की पत्र्यांच्या दोन भागांमध्ये कागदाची बारीकशी पट्टी आहे. एक भाग इंग्रजी ई अक्षरासारख्या पत्र्यांचा, दुसरा आयसारख्या, आणि दोघांच्या मध्ये तो कागद. तूही कागद ठेवलास. कोणता? तर रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान, दुहेरी. "त्या कॅलेंडरचं पान कुठल्याही दिवसाचं असू दे, सारखंच जाड असतं," हे तुझं त्यावरचं उत्तर. त्यामुळे आपल्या घरी गेला दिवस कधी केरात गेला नाही. तो पालघर तालुक्यातल्या कुणाच्या तरी रेडिओत जाऊन बसायचा.

मग मी मोठा झालो, आणि फार मोठा झालो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे उपकरणं जुळवायच्या विभागात मला नोकरी लागली. सकाळी बोईसरपर्यंत गाडी, पुढे कामगारांच्या ट्रकमधून. हातात नवीन पान्ह्यांचा संच आणि डोक्यात नवीन शिकलेलं सगळं. मापल्याशिवाय बोलू नये, हे वाक्य मी तिथे ऐकलं आणि ते घरी येऊन दिवसातून चार वेळा म्हणायला लागलो. तू आमटीत मीठ घातलंस की मी म्हणायचो, किती ग्रॅम? तू म्हणायचीस, तुझ्या जिभेपुरतं. एकदा मामाने दोन ठोकळे आणले, एक तुझा आणि एक दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेला, आणि म्हणाला, "भाचेबुवा, यातला चांगला कोणता ते सांगता येईल का? कानाला काही कळत नाही, आपण एक ऐकेपर्यंत दुसऱ्याचा आवाज विसरतो." खरी गोष्ट होती. सोल्डर काढून दुसरा जोडेपर्यंत दहा मिनिटं जातात आणि दहा मिनिटांत कान खोटं बोलायला लागतो. मी म्हटलं, मी असं काहीतरी बनवतो की बोटाच्या एका ठोक्यासरशी इकडचा बंद, तिकडचा सुरू.

तीन रविवार लागले. सुतळीचं माप घेऊन तू फळी कापून आणलीस, वखारीतल्या माणसाला "माझ्या मुलाच्या यंत्राला हवी आहे" असं सांगून गाठी नसलेली निवडून घेतलीस. तुपाच्या रिकाम्या डब्यात मी सूर काढणारं सर्किट बसवलं, तीनच सूर, खालचा, मधला, वरचा. मामाच्या दुकानातला जुना अँप्लिफायर, इस्त्रीच्या कॉइलची तार कापून भोंग्याऐवजी जोडलेला भार आणि काट्याचा मीटर. कानाने ऐकायचं असेल तर भार काढून भोंगा लावायची सोय. स्विचच्या डावीकडे एक ठोकळा, उजवीकडे दुसरा. तू पाहत होतीस. म्हणालीस, मला डावं-उजवं नाही लक्षात राहणार, आणि स्वेटरच्या उरलेल्या लोकरीतून लाल आणि पिवळे धागे आणून टोकांना गुंडाळलेस. मग ओल्या हाताने फळीवरची धूळ पुसायला गेलीस आणि मी ओरडलो. अडीचशे व्होल्ट होते तिथे, आई. तू हात मागे घेतलास आणि हसलीस, पण मी आधी प्लग उपटला. तू घरात दिवसभर ओल्या हातांनी वावरणार, फळी ओट्याशेजारी राहणार, माझ्या माघारी तुला लावून बघावंसं वाटणार. म्हणून मी अँप्लिफायर आणि ठोकळ्यांच्या मध्ये एक मोठा कंडेन्सर बसवला. सूर पलीकडे जातील, पण तो स्थिर वीजप्रवाह अलीकडेच अडेल. सुरांचा आवाज मी एवढा लहान ठेवला की फळीवर कुठेही हात लागला तरी तुला मुंगीसुद्धा चावू नये. मी स्वतः ओला हात लावून खात्री केली. त्या कंडेन्सरचा मला त्या फळीवरच्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त अभिमान होता.

त्याच कंडेन्सरने सगळं केलं.

आपण पहिल्यांदा फळी चालू केली तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत. ओट्यावर भाताचं पातेलं रटरटतंय. लाल बाजूला तुझा एक ठोकळा, तुझ्या पद्धतीचा, कागदासकट. पिवळ्या बाजूला तुझाच दुसरा, त्याच तारेचा, तेवढ्याच वेढ्यांचा, पण मी पत्रे काढून उलटसुलट, एकाआड एक रचलेले, मध्ये कागद नाही, फट नाही. वरच्या सुराला दोघांचा काटा सारखा. मधल्याला सारखा. खालच्या सुराला लाल बाजूला काटा चौदावर आणि पिवळ्याला एकोणीसवर. मी स्विच इकडून तिकडे केला. चौदा, एकोणीस. पुन्हा. चौदा, एकोणीस. मी एखादा चोर पकडल्यासारखं तुझ्याकडे पाहिलं.

"बघ. हा तुझा कागद. लोखंडात फट पाडून बसतो आणि खालचा सूर खातो."

तू मीटरकडे पाहिलंस, मग पातेल्याकडे. "पण मूळच्यात होता रे कागद. ज्याने पहिल्यांदा बनवलं त्याने उगाच कशाला ठेवला असेल?"

"पत्रे वाजू नयेत म्हणून ठेवत असतील. पूर्वी."

"लागत असेल थोडी फट," तू म्हणालीस. "भाताला बघ, झाकण घट्ट बसवलं की ऊतू जातं. किंचित कलतं ठेवावं लागतं."

मी हसलो. आई, मी कसा हसलो ते मला लिहायचं नाही, पण लिहितो. नाकाने हसलो. म्हणालो, "कशासाठी ते माहीत नसताना एखादी गोष्ट करत राहायचं, याला अंधश्रद्धा म्हणतात. तू नुसती नक्कल करत आलीस इतकी वर्षं." बाहेरच्या खोलीत पेपरची पानं उलटायची थांबली. तू पातेल्यावरचं झाकण सारखं केलंस आणि म्हणालीस, "बरं. तुझं यंत्र म्हणतं तर तसं." तुझ्या आवाजात राग नव्हता. कौतुकच होतं, आणि त्याचंच मला आता सगळ्यात वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तू सांगत होतीस, "आमचा मुलगा यंत्रावर खरं-खोटं करून दाखवतो."

पुढच्या पंधरा दिवसांत तू बारा ठोकळे केलेस, बाराही बिनकागदाचे. मामाने ते रेडिओंत बसवले आणि गिऱ्हाइकांना दिले. गेला दिवस आता केरात जायला लागला. आणि मग एका सकाळी मासेवाली मावशी आली. ती आठवड्यातून दोनदा तारापूरहून यायची, तिचा रेडिओ मामाकडून दुरुस्त होऊन नुकताच गेला होता. पाटी डोक्यावरून खाली ठेवायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली. "बाय, तुमी काय केला त्या रेडिओला? बातम्या सांगनारा बाप्या हाय का बाई हाय, कळत नाय! नुसता चिरकते. आमचा मानूस दर्यात हाय, वाऱ्याचा आयकाला लागते ना आमाला. मोठा केला तर फाटते, बारीक केला तर आयकू येत नाय." तू तिला बसवलंस, पाणी दिलंस, नीट विचारून घेतलंस. खालचा भरदार आवाज गेला होता आणि मोठ्याने लावलं की आवाज फाटत होता. ती उठताना म्हणाली, "पयला तुजा काम असा नवता, बाय." साधं बोलली, टोचायचं म्हणून नाही. तुला ते कुठे लागलं ते तिला दिसलं नाही, मला दिसलं.

त्या आठवड्यात बाराही परत आले. मामा पिशवी घेऊन दारात उभा होता आणि कुणाकडे पाहावं हे त्याला कळत नव्हतं. मी फळी मांडली, पुन्हा मोजलं. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे बाराही उत्तम. मी मामाला छातीठोक सांगितलं, ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष नाही, रेडिओ तपासा. मामा म्हणाला, "अरे, बारा रेडिओ एकदम कसे बिघडतील?" तेव्हा तू पदराला हात पुसत पुढे आलीस आणि म्हणालीस, "माझीच मोजणी चुकली असेल. हल्ली तार नीट दिसत नाही मला. चाळिशी लागली. मध्येच कोणी हाक मारतं, शंभराचे नव्वद होत असतील." मामा म्हणाला, "बाराही वेळा, ताई?" तू म्हणालीस, "चुकायला लागलं की चुकतच जातं." मी तिथेच उभा होतो. माझ्या फळीवर बोट ठेवायचं कुणालाही सुचलं नाही, आणि मला तर मुळीच नाही. दोन दिवसांनी तू मशीन पुसून, दांड्याला तेल देऊन, कापडात बांधून मामाकडे पाठवून दिलंस. वाटी घासून फडताळात ठेवलीस.

बारा ठोकळे मी दुरुस्त करतो म्हणून ठेवून घेतले. फळीचं चित्र आणि आकड्यांची वही मी कामावर नेली ती खरं म्हणजे शाबासकी मिळवायला. आमच्या विभागात दक्षिणेकडचे एक वयस्कर गृहस्थ होते, कमी बोलायचे, सगळ्यांशी मोडक्या हिंदीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वही पाहिली, लोकरीचे रंगसुद्धा पाहिले आणि म्हणाले, "बहुत अच्छा बनाया है." मग कंडेन्सरवर बोट ठेवून म्हणाले, "लेकिन इसमें डीसी कहाँ है? रेडिओ में तो डीसी हमेशा बहता है." एवढंच. डबा उघडून दहीभात खायला लागले. मी वही हातात धरून बसलो. रेडिओत त्या तारेतून डीसी, म्हणजे एक स्थिर प्रवाह, सतत वाहत असतो. त्याने फट नसलेलं लोखंड आधीच चुंबकत्वाने भरून जातं, मग खालच्या सुराला जागाच उरत नाही, आवाज फाटतो. म्हणून ती फट. म्हणून तो कागद. किंचित कलतं झाकण. तुला झटका बसू नये म्हणून मी जो प्रवाह अडवला होता, तो अडवल्यावर माझ्या फळीवरचं जग खऱ्या रेडिओचं उरलंच नव्हतं. अशा जगात तुझा कागद चूक ठरतो, नक्की ठरतो, आणि काटा चौदा दाखवतो.

त्या शनिवारी दुकानात बसून मी अकरा ठोकळ्यांचे पत्रे सोडवले आणि तुझ्या पद्धतीने पुन्हा रचले, मध्ये कॅलेंडरची दोन पानं. दुकानाचं कॅलेंडर मी त्यासाठी पुढल्या महिन्यापर्यंत फाडलं. अकराही रेडिओ पूर्वीसारखे बोलायला लागले. मामाने विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, थोडी दुरुस्ती. तो त्याच पावली घरी येऊन तुला म्हणाला, "ताई, भाच्याने तुझे सगळे चुकलेले दुरुस्त केले बघ." तू माझ्याकडे पाहिलंस, डोळे भरून आले होते तुझे, आणि म्हणालीस, "बाराही?" मी म्हटलं, अकरा. "बारावा?" मी म्हटलं, त्याची तार आतून तुटली होती. तू मान हलवलीस. म्हणालीस, "बघ, तेही माझ्याच हाताने." त्या दिवशी तू शिरा केलास माझ्यासाठी, बदाम घालून. मी खाल्ला. दुसऱ्यांदा मागूनसुद्धा घेतला. मासेवाली मावशी पुढच्या फेरीला आली आणि पापलेटांची जोडी तुझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "आता बाप्या बोलते, बाय." तू तिला सांगितलंस, माझ्या मुलाने केलं.

नंतर तू मशीन कधीच परत आणलं नाहीस. मामाला बोईसरला दुसरा माणूस मिळाला. मी एकदा म्हटलं, आई, करत जा ना, हात चांगला आहे तुझा. तू म्हणालीस, "नको. लोकांच्या वस्तू असतात." मी मनाशी म्हटलं, बरंच झालं, तुझ्या बोटांना तारेचे काप पडायचे ते तरी थांबले. स्वतःची समजूत घालायला फार लागत नाही, एक कारण बरं दिसलं की पुरतं. फळी मात्र मी सुधारली. कंडेन्सर काढला, स्थिर प्रवाह द्यायची सोय केली, झाकण बसवलं, आणि आमच्या विभागात ती पुष्कळ दिवस कामी आली. लोक म्हणायचे, डोकं आहे पोराला. पण घरी मी काय पाहत होतो? तू वाण्याकडून आणलेली लिंबं दोनदा मोजायचीस. स्वेटर विणताना टाके मोजून झाले की माझ्या बायकोला द्यायचीस, "तू एकदा बघ गं, माझं चुकतं." नातवाला पाढे म्हणून दाखवताना मध्येच थांबून त्यालाच विचारायचीस, बरोबर ना रे? माझी बायको एकदा हसून म्हणाली, सासूबाईंना मोजायची भीतीच वाटते. मी पाणी प्यायला उठलो. पंचवीसपर्यंत चिंचोके टाकत बसणारी, मध्ये कुणी शिंकलं तरी आकडा न सोडणारी बाई. तुझ्या हाताची ती खात्री मी काढून घेतली होती, आणि परत द्यायला एक वाक्य पुरलं असतं.

तू मला ते वाक्य बोलायची संधीसुद्धा दिलीस. शेवटच्या दिवसांत, दुपारची वेळ, मी तुझ्या खाटेशेजारी संत्रं सोलत होतो. तू छताकडे पाहत होतीस. एकदम म्हणालीस, "ते बारा होते ना, त्यात माझी मोजणी खरंच चुकली होती का रे?" पंधरा-सोळा वर्षं झाली होती त्याला. बायको दारात उभी होती, माझा मुलगा खाली खेळत होता. मी संत्र्याच्या फोडीवरची शीर काढत राहिलो आणि म्हणालो, "काय जुन्या गोष्टी काढतेस आई, खा हे." तू फोड तोंडात घेतलीस. पुन्हा विचारलं नाहीस. त्यानंतर तू नऊ दिवस होतीस आणि त्या नऊ दिवसांत मी तुझ्याशी औषधांविषयी, हवेविषयी, मुलाच्या शाळेविषयी पुष्कळ बोललो.

काल दुपारी जेवण झाल्यावर डब्यातलं रीळ काढलं. वाटलं, निदान एकदा तुझ्यासारखं करून बघावं. पुठ्ठ्याची नळी केली, खिडकीपाशी बसलो, तार बोटांतून सोडत मोजायला लागलो आणि शंभरावर स्टीलच्या वाटीत एक चिंचोका टाकला. चौथ्या चिंचोक्याला सुनेने चहा विचारला आणि मी विसरलो. पुन्हा पहिल्यापासून. सातव्याला रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. तिसऱ्या वेळी तर कुणीच काही केलं नाही, नुसता तुझा विचार मनात आला आणि आकडा गेला. बोटाला तार कापली. सून म्हणाली, बाबा, काय मोजताय? मी म्हटलं, थांब, चिंचोका पडू दे. ती वेड्यासारखी बघत राहिली. घरचा नियम तिला कुठून माहीत असणार? मला माहीत होता, आणि मी तो जन्मभर पाळला, नको तिथे पाळला. चिंचोका पडल्यावर बोलायचं असतं, हे मात्र सोडून दिलं.

तेव्हा आता बोलतो. बाराव्याची तार आतून तुटली नव्हती, आई. त्या शनिवारी दुकानात तो मी सगळ्यात आधी सोडवला होता, मामाने नुकत्याच आणलेल्या नव्या मशीनवर लावून, ज्याला आकडे मोजणारा भाग होता. तार उलट गुंडाळत गेलो आणि आकडा पाहत गेलो. तू चुकली असशील अशी आशा होती मला. एका ठिकाणी तरी, दहा वेढे तरी, म्हणजे थोडं माझं आणि थोडं तुझं असं वाटून घेता आलं असतं. शेवटचं टोक सुटलं तेव्हा आकडा अडीच हजारावर थांबला होता. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ती तार या रिळावर आहे. कागद घालायच्या आधी, तुझा शिरा खायच्या आधी, मला हे माहीत होतं.